साथीचे आंकडे आणि मनाचें दप्तर



सन १८९७ हें वर्ष आपल्या इतिहासांत प्लेगाचें वर्ष म्हणून लिहिलें गेलें आहे. आदल्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचा रोगी ओळखला; ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला; २२ जूनच्या रात्रीं पुण्यांत रँडवर गोळी झाडली गेली. इतकें शाळेंतल्या मुलांनाहि पाठ असतें. त्याच वर्षीं फ्रान्स देशांतील बोर्दो येथें शिकविणाऱ्या एमिल दुर्खीम नांवाच्या अध्यापकानें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथाचा विषय होता आत्महत्या. दुर्खीमला मुंबईच्या प्लेगाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें, आणि प्लेगानें गांजलेल्या मुंबईकरालाहि त्या ग्रंथाची वार्ता असण्याचें कारण नव्हतें. परंतु या दोन गोष्टी शेजारीं मांडल्या म्हणजे आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो आपोआप पुढें येतो. मोठी साथ आली असतां माणसाच्या मनाचें काय होतें, आणि तें कोणी मोजून ठेवतो काय?

दुर्खीमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जीव देणें ही केवळ एकट्या माणसाच्या मनाची गोष्ट नव्हे. त्याला घराशीं, धर्माशीं, समाजाशीं बांधणारे धागे किती घट्ट आहेत, यावर तिचें प्रमाण अवलंबून असतें. युरोपांतील देशोदेशींचीं मरणाचीं कोष्टकें मांडून त्यानें दाखविलें कीं, युद्धासारख्या प्रसंगीं लोक एकमेकांना धरून राहतात आणि आत्महत्या कमी होतात. मग साथींत काय व्हावें? साथ हीहि आपत्तिच खरी. पण युद्ध माणसाला माणसाजवळ आणतें, आणि साथ त्याला दूर लोटते. हा भेद आंकड्यांनीं पारखून पाहावयास पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

आपल्याकडील प्लेगाचीं कागदपत्रें वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते. मेलेल्यांची मोजदाद त्यांत सांपडते. तपासलेलीं घरें, अडविलेल्या आगगाड्या, टोचलेल्या लशी, सारें कांहीं सांपडतें. मनाचा मात्र रकाना नाहीं. असें असूनहि मन त्या कागदांतून डोकावतेंच. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें हजार गिरणीकामगारांनीं मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. सरकारी लेखक त्याला अज्ञान म्हणतो. परंतु मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा माणूस बहुतांशीं आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा. त्याच्या डोळ्यांनीं पाहिलें तर रुग्णालयांत गेलेला माणूस परत दिसत नसे; त्याच्या उशाशीं बसावयास कोणाला मुभा नसे; आणि तो गेला तर त्याला खांदा द्यावयास आपलें माणूस मिळेल कीं नाहीं, याचीहि शाश्वति नसे. त्याची भीति रोगाची जितकी, त्याहून एकटेपणाची अधिक होती, असें माझें मत आहे. याला पुरावा पुढच्या घटनांतच आहे. मार्च १८९७ पासून जनरल गॅटेकर यांच्या समितीनें निरनिराळ्या समाजांना स्वतःचीं रुग्णालयें काढूं दिलीं, तेव्हां त्याच लोकांनीं आपले रोगी आपण होऊन तेथें नेले. पुण्यांत टिळकांनीं हिंदूंसाठीं रुग्णालय चालविलें. पुण्याजवळच सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें देह ठेवला. लोकांना औषध नको नव्हतें. ताटातूट नको होती.

या ठिकाणीं आमच्या गांवाची ओळख करून देणें भाग आहे. मी राहतों तें भाट्ये हें काजळी नदीच्या मुखाशीं, खाडीच्या दक्षिणेस वसलेलें गांव. पूल ओलांडला कीं रत्नागिरी. त्या शहरांत सन १८८६ पासून मनोरुग्णांसाठीं रुग्णालय आहे. महाराष्ट्रांत सरकारचीं अशीं मोठीं रुग्णालयें चार: नागपूर, येरवडा, ठाणें आणि रत्नागिरी. त्यांत आमचें सर्वांत लहान. मंजूर खाटा ३६५, वर्षाच्या दिवसांइतक्या. कोणी विचित्र वागूं लागला कीं, “याला आतां रत्नागिरीला धाडा” असें कोंकणांत थट्टेनें म्हणतात. आम्ही तिकडचेच असल्यामुळें ही थट्टा आम्हांला दोन्ही बाजूंनीं सोसावी लागते! प्लेग, सन १९१८ ची मानमोडी आणि सन २०२० चा कोरोना, अशा तिन्ही साथी त्या इमारतीनें पाहिल्या. पण ज्यांना घरच्यांना सांभाळणें अगदींच अशक्य झालें, तेवढेच त्या दारापर्यंत पोंचले. साथीनें ज्याचा रोजगार गेला, जिचें कुंकू पुसलें, ज्याची झोंप उडाली, तो त्या दाराकडे पाहावयासहि धजत नाहीं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें सन २०१५–१६ मध्यें बारा राज्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. प्रौढ माणसांपैकीं १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि निरनिराळ्या विकारांच्या शंभर रोग्यांपैकीं सत्तर ते ब्याण्णव जणांना उपचार मिळालेच नव्हते. कोरोना येण्यापूर्वींची ही स्थिति आहे, हें लक्षांत ठेवावें.

आतां मानमोडीकडे वळूं. इन्फ्ल्युएंझाला आपल्याकडे हें नांव पडलें, आणि ज्यांनीं तें दिलें त्यांनीं योग्यच दिलें. जून १९१८ मध्यें मुंबईच्या गोदींत ती उतरली, पावसाळ्यानंतर उलटून आली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें दगावलीं. हिंदुस्थानांत सव्वा कोटींपासून दोन कोटींपर्यंत माणसें गेलीं, असे निरनिराळे अंदाज आहेत. सन १९२१ ची शिरगणती झाली तेव्हां देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां कमी भरली. तशी घट त्यानंतर कोणत्याहि शिरगणतींत दिसली नाहीं. इतक्या मोठ्या मरणानंतर मागें राहिलेल्यांच्या मनांचा हिशेब काय? आपल्याकडे दप्तर मुकें आहे. अमेरिकेंत बोस्टनच्या मनोरुग्णालयांत कार्ल मेनिंजर नांवाच्या तरुण डॉक्टरानें मात्र इन्फ्ल्युएंझाच्या मागोमाग मन बिघडलेल्या शंभर रोग्यांचीं टिपणें ठेवलीं आणि सन १९१९ मध्यें तीं छापलीं. नॉर्वेंतील मनोरुग्णालयांचीं जुनीं नोंदणीपुस्तकें पुढें एका अभ्यासकानें तपासलीं. इन्फ्ल्युएंझामुळें मनोविकार जडला असें लिहून दाखल केलेल्या रोग्यांची संख्या साथीनंतरच्या सहा वर्षांत सरासरीनें सातपट झालेली त्याला आढळली. आणि सन १९९२ मध्यें आयरा वॉसरमन यानें अमेरिकेच्या सन १९१० ते १९२० या वर्षांचे आंकडे मांडले. पहिल्या महायुद्धाचा आत्महत्यांवर परिणाम दिसला नाहीं. इन्फ्ल्युएंझाच्या साथीचा मात्र दिसला, आणि तो वाढीचा. युद्ध जवळ आणतें व साथ दूर लोटते, हें जें मघाशीं म्हटलें, त्याला असा पाऊणशें वर्षांनीं आधार मिळाला.

यानंतरचा अभ्यास हाँगकाँगचा. सन २००३ मध्यें तेथें सार्स नांवाची साथ आली. तिनें २९९ माणसें नेलीं. आपल्या मानानें हा आंकडा लहान. परंतु त्या वर्षीं पासष्ट वर्षांवरील वृद्धांच्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या, आत्महत्या वाढल्या. कारणें शोधतांना अभ्यासकांना जें सांपडलें तें विलक्षण असें कांहींच नव्हतें: भेटीगांठी बंद झाल्या, दवाखान्यांत जावयाची भीति वाटूं लागली, आणि आपण मुलांवर भार होऊन बसलों आहों ही खंत. हें वाचतांना मला हाँगकाँग दिसत नाहीं. कोंकणांतलीं माडांखालचीं घरें दिसतात, जेथें मुलगा मुंबईस, मुलगी सासरीं, आणि ओटीवर एक म्हातारी व तिच्या हातांत मोबाईल.

आतां सन २०२०. मार्च महिन्याच्या ११ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाला महासाथ म्हटलें आणि २५ तारखेपासून आपल्या देशांत टाळेबंदी झाली. चाकरमानी गांवीं परतूं लागले. कोंकणांतील शाळा विलगीकरणासाठीं उघडल्या. ज्या वर्गांत आम्हीं पाढे म्हणवून घेतले त्या वर्गांत सतरंज्या पडल्या, आणि गांवचाच मुलगा खिडकीच्या गजांमागून कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या आईशीं बोलतांना दिसूं लागला. जूनच्या ३ तारखेस निसर्ग वादळानें जिल्ह्याच्या उत्तर भागांतील बागा झोपविल्या. ऑगस्टांत गणपतीला येणाऱ्यांनीं आधीं विलगीकरणाचे दिवस भरले आणि मग आरतीला उभे राहिले. शंभर वर्षांपूर्वींची ताटातूट नव्या नांवानें आली होती. हें सारें आवश्यक नव्हतें असें मी म्हणत नाहीं. त्याची किंमत कोणीतरी मोजावयास हवी होती, इतकेंच म्हणतों.

तशी मोजण्याची घाई त्या वेळीं जगांत सर्वत्र झाली. पहिल्या कांहीं महिन्यांतच आत्महत्यांचा लोंढा येणार, असे अंदाज निघाले. आपल्या देशांत तर आंकडेच हातीं नसल्यामुळें अभ्यासक वर्तमानपत्रांकडे वळले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटींतील मानसिक आरोग्यविषयक केंद्राच्या डॉक्टर सौमित्र पठारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं टाळेबंदींतील आत्महत्यांच्या व तशा प्रयत्नांच्या बातम्या मोजल्या. त्या ३६९ भरल्या. आदल्या वर्षीं त्याच दिवसांत त्या २२० होत्या. वाढ सदुसष्ट टक्क्यांहून अधिक. पण बातम्या वाढल्या म्हणजे घटना वाढल्याच असें होत नाहीं. भीतीच्या दिवसांत पत्रकार जें शोधतो तें त्याला अधिक सांपडतें. हें त्या अभ्यासकांनाहि ठाऊक होतें. दुसरें साधन नव्हतें, म्हणून त्यांनीं हें घेतलें. विहीर आटल्यावर झऱ्याशीं वाटी घेऊन बसावें, तसा हा प्रकार.

पुढें सन २०२१ मध्यें एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत एकवीस देशांचे, कोठें संपूर्ण देशाचे तर कोठें एखाद्या भागाचे, आंकडे होते. निष्कर्ष असा कीं, साथीच्या पहिल्या कांहीं महिन्यांत आत्महत्या वाढल्या नाहींत. कोठें कोठें कमी झाल्या. जगानें सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु त्या एकवीसांत सोळा देश श्रीमंत होते आणि पांच त्यांच्या खालच्या पायरीवरचे. हिंदुस्थान त्यांत नव्हता. आपण नव्हतों, कारण द्यावयास आपल्याजवळ महिन्यामहिन्याचे आंकडेच नव्हते.

याच्या उलट जपान पाहा. तेथें एका महिन्याचा आंकडा पुढच्या महिन्यांत प्रसिद्ध होतो. त्यावरून दिसून आलें कीं, फेब्रुवारी ते जून २०२० या पांच महिन्यांत आत्महत्या चौदा टक्क्यांनीं घटल्या. आणि जुलै ते ऑक्टोबरांत सोळा टक्क्यांनीं वाढल्या. स्त्रियांत ही वाढ सदतीस टक्के, मुलांत व किशोरवयीनांत एकोणपन्नास टक्के. आपत्तीच्या पहिल्या धक्क्यांत माणसें एकमेकांना धरून राहतात. नंतर पगार संपतो, शेजारी आपल्या व्यवहारास लागतो, घरांतलें काम दुप्पट झालेलें असतें, आणि मग पाय घसरतो. दुर्खीमचें म्हणणें आणि वॉसरमनचें म्हणणें दोन्ही खरीं ठरतात. फक्त त्यांच्या वेळा निराळ्या.

आपल्या देशाचे आंकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रसिद्ध करतो. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पण वजाबाकी मला येते, म्हणून ते आंकडे घेऊन बसलों. देशांत आत्महत्येनें गेलेले सन २०१८ मध्यें १,३४,५१६. सन २०१९ मध्यें १,३९,१२३. सन २०२० मध्यें १,५३,०५२. सन २०२१ मध्यें १,६४,०३३. सन २०२२ मध्यें १,७०,९२४. साथीपूर्वींच्या वर्षांतील वाढ ४,६०७. साथीच्या पहिल्या वर्षीं ती १३,९२९, म्हणजे तिपटीच्या घरांत. महाराष्ट्राचे आंकडे थोडे निराळे बोलतात. सन २०१९ मध्यें १८,९१६, सन २०२० मध्यें १९,९०९, सन २०२१ मध्यें २२,२०७. पहिल्या वर्षाची वाढ हजारालाहि पुरी पोंचत नाहीं. दुसऱ्या वर्षाची २,२९८ आहे. जपानांत जें महिन्यांच्या अंतरानें घडलें तेंच आपल्याकडे वर्षाच्या अंतरानें घडलें, असें यावरून मला दिसतें. सारी वाढ साथीच्याच माथीं मारावी असें मात्र नव्हे; संख्या त्यापूर्वीं दोन वर्षें चढतीच होती.

कोण गेले, हें पाहूं लागलें कीं चित्र स्पष्ट होतें. महाराष्ट्रांत आत्महत्या म्हटली कीं शेतकरी डोळ्यांपुढें येतो, आणि तें दुःख खोटें नाहीं. परंतु साथीच्या वर्षांत सर्वांत मोठा गट रोजंदारीच्या मजुरांचा होता. सन २०१४ मध्यें देशांतील आत्महत्यांत त्यांचा वांटा शेंकडा बारा होता. सन २०२१ मध्यें ४२,००४ मजूर गेले, म्हणजे चारांत एक. विद्यार्थी सन २०१९ मध्यें १०,३३५ आणि सन २०२१ मध्यें १३,०८९. ही शेवटची ओळ मला सरळ वाचवत नाहीं. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग ज्यानें आयुष्यभर पाहिला, तो संख्येचे वर्ग करूं लागतो. या वाढीचेच सुमारें साठ वर्ग होतात.

कारणांचा रकाना हा त्या अहवालाचा दुबळा भाग आहे. सन २०२० मध्यें शेंकडा तेहतिसांहून अधिक आत्महत्यांपुढें “कौटुंबिक अडचणी” असें लिहिलें आहे आणि अठरांपुढें “आजार”. एका मरणाला एक कारण. ज्याचें काम सुटलें, त्यावरून घरांत भांडण झालें, आणि त्यांत ज्याला ताप आला, त्याचें कारण कोणतें लिहावें? तें ठरवितो पंचनामा करणारा हवालदार. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याला गुन्हा शोधावयास शिकविलें आहे, दुःख ओळखावयास नव्हे.

आणि जें लिहिलें जातें तें तरी पुरें असतें काय? सन १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानें आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. एक वर्षापर्यंत कैद. सन २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें असा माणूस तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावयास सांगितलें, आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली तींत तें सरसकट कलम राहिलें नाहीं. पण दीडशें वर्षांची लपवालपवी कलमाबरोबर नाहींशी होत नाहीं. चौकशीची धास्ती, मुलीच्या लग्नाची काळजी, घराण्याचें नांव. त्यामुळें मरण दुसऱ्याच नांवानें नोंदलें जातें, आणि सारा गांव खरें जाणून गप्प बसतो. मुंबईंत जन्मलेले आणि गोव्यांतील संगत या संस्थेच्या स्थापनेंत ज्यांचा हात होता ते डॉक्टर विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं याचा माग घेतला. शिकविलेले कार्यकर्ते मृताच्या घरीं जाऊन घरच्यांशीं बोलत आणि त्या बोलण्यावरून डॉक्टर मरणाचें कारण ठरवीत. सन २०१२ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबानें सन २०१० मधील आत्महत्या सुमारें १,८७,००० होत्या. पोलिसांच्या दप्तरांत त्याच वर्षाचा आंकडा १,३४,५९९ आहे. मधले पन्नास हजार कोठें गेले, तें प्रत्येक गांवाला आपापल्यापुरतें ठाऊक असतें.

माझी खरी तक्रार मात्र वेळेविषयीं आहे. मानमोडींत मुंबईचा मरणाचा आंकडा दिवसागणिक निघे. कोरोनांत आम्ही रोज संध्याकाळीं जिल्ह्याचे आंकडे ऐकत होतों. किती बाधित, किती बरे, किती गेले. पण सन २०२० च्या आत्महत्यांचा अहवाल ऑक्टोबर २०२१ मध्यें बाहेर आला. तोंवर साथीची दुसरी, अधिक भयंकर लाट येऊन ओसरली होती. सन २०२२ चा अहवाल डिसेंबर २०२३ मध्यें निघाला. मजूर, गृहिणी, परीक्षा हुकलेलीं मुलें, यांतील कोण अधिक खचत आहे हें जर त्या त्या महिन्यांत कळलें असतें, तर रेशनाबरोबर, लशीबरोबर, गांवोगांव फिरणाऱ्या आशा सेविकेबरोबर आणखी एक चौकशी दारोदार जाऊं शकली असती. ती आशाताई प्राणवायूचें प्रमाण पाहावयास बोटाला यंत्र लावीत होतीच. त्याच उंबऱ्यावर “रात्रीं झोंप लागते का?” हा प्रश्न विचारावयास यंत्र लागत नव्हतें.

कांहीं पाउलें पुढें पडलीं आहेत, तींहि सांगितलीं पाहिजेत. आत्महत्येची बातमी कशी द्यावी आणि कशी देऊं नये याचे नियम भारतीय पत्र परिषदेनें सप्टेंबर २०१९ मध्यें स्वीकारले. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतहि बोलतां येतें. हा क्रमांक मीं आमच्या घरच्या कालनिर्णयावर, गॅसच्या क्रमांकाखालीं, लिहून ठेवला आहे. आपणहि लिहावा. आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें आत्महत्या रोखण्याचें पहिलें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. आत्महत्येनें होणारे मृत्यु सन २०३० पर्यंत शेंकडा दहानें कमी करावयाचे, हें त्याचें उद्दिष्ट. त्यासाठीं नोंदीची व पाळतीची चांगली पद्धति बसविण्यास मुदत ठेवली तीन वर्षांची. प्रत्येक जिल्ह्यांत मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडण्यास पांच वर्षांची. आणि मनाच्या आरोग्याचा विषय सर्व शिक्षणसंस्थांच्या अभ्यासक्रमांत आणण्यास आठ वर्षांची. यांतली पहिली मुदत नोव्हेंबर २०२५ ची, शेवटची नोव्हेंबर २०३० ची. शाळेंत तो विषय आला म्हणजे त्याला वेळापत्रकांत तास लागेल, आणि नवा तास काढावयाचा म्हटलें कीं आमच्या शाळांत आधीं खेळाच्या तासावर हात पडतो. तेवढा मात्र पाडूं नये, अशी या जुन्या मास्तराची सूचना आहे.